कानात काय गेले, ते आधी सांगा

औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा उठली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाच वर्षांच्या मुलीच्या डाव्या कानात पिचकारीने पाणी मारण्यात आले. त्याच दिवशी दुपारी त्या मुलीच्या बापाला खोटे बोलण्याची आज्ञा देण्यात आली. गुढीपाडव्याच्या आधल्या आठवड्यात चौकशी समिती बसली आणि मुलीच्या आईला एक शब्द न विचारता उठली. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास समितीचा निष्कर्ष बाहेर आला. पोळ्यापूर्वी वारंगा फाट्यावरचे एक शटर कायमचे खाली आले. दिवाळी सरली आणि बसमतला, भावाच्या घरी, डॉक्टर ताहेरा अत्तार वारल्या.

या तारखांना जबाबदार कोण, तेही येथेच लिहून ठेवतो. आमच्या तालुक्यातील एका सरकारी दवाखान्याचा तेव्हाचा वैद्यकीय अधिकारी, कारण पिचकारी त्याच्या हातात होती आणि आज्ञा त्याच्या तोंडची. समितीचे अध्यक्ष, कारण त्यांनी अर्धाच प्रश्न विचारला. आणि फाट्यावरचे ते सगळे सज्जन, ज्यांनी मोबाइलवर आलेला चार ओळींचा मजकूर वाचून दवाखान्याची पायरी बदलली. त्या माणसांची नावे लिहीत नाही. पद लिहिले की पुरते. पदावरच्या माणसाला आपले पद ओळखू येते.

मी न्यायालयात पेशकार होतो. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून साक्षीदारांचे जबाब लिहून घेण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर वारंगा फाट्यावर डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या ओट्यावर टेबल टाकून मी लोकांना अर्ज, तक्रारी आणि अपिले लिहून देऊ लागलो. एका बाजूला पंक्चरचे दुकान, दुसऱ्या बाजूला रसवंती, मध्ये बाईंचे शटर, आणि शटराच्या आत एक हिरवा पडदा. पडद्याच्या आत काय बोलले जाते ते ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येई. ही गैरसोय नव्हती. ती बाईंची पद्धत होती.

लोक त्यांना ‘कानवाल्या बाई’ म्हणत. घराणे बसमतचे, हळदीच्या व्यापारातले. कान, नाक आणि घसा या तिन्हींचे शिक्षण झालेले असले तरी नाक आणि घसा यांच्याकडे त्या पाहुण्यांसारख्या पाहत. जीव होता तो कानावर. ठेंगणा बांधा, डोक्यावर घट्ट बांधलेला पांढरा रुमाल, त्याच्यावर दिव्याचा पट्टा. आवाज मात्र असा की पलीकडे ट्रकचे टायर ठोकणारा माणूसही हात थांबवून ऐके. नम्रता त्यांच्या अंगी औषधालाही नव्हती. आपल्या हातांचा त्यांना विलक्षण अभिमान होता. त्या बादली उचलत नसत, मिरची चिरत नसत, स्कूटर चालवत नसत. ‘बाई, हे काय नवाबी थाट,’ असे मी एकदा म्हणालो, तर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास दोन बोटांत धरून त्या पडद्यापासून माझ्या टेबलापर्यंत चालत आल्या आणि माझ्या कागदांवर ठेवत म्हणाल्या, “थेंब सांडला असंल तं दाखवा, पेशकारसाब. माझ्या सासूला बी असंच दाखवलं होतं. तवापासून तिनं मला पोळ्या लाटायला लावल्या न्हाईत.”

माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे; कान राहत. आखाडा बाळापूरच्या बाजारात माझ्यासोबत चालताना त्यांनी पुढच्या एका पाठमोऱ्या माणसाला हाक मारली होती, “ओ, ढेप! मळाची ढेप! सहा महिन्यानं या म्हणलं होतं, काहून आला न्हाईत?” तो माणूस वळला. खरोखरच त्यांचा रोगी होता आणि भर बाजारात कानावर हात ठेवून उभा राहिला.

आता त्यांची पद्धत. कानात काही अडकले म्हणून कोणी आले की बाई दिवा लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारत. काय गेले? केव्हा गेले? आणि त्यानंतर कोणी, कशाने हात लावला? उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे. बायकोचे नवऱ्याने नाही, सुनेचे सासूने नाही. आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असे द्यायचे. मी आयुष्यभर शपथेवरचे जबाब ऐकले. एवढी कडक उलटतपासणी जिल्हा न्यायालयातही पाहिली नाही. याचे कारण त्या एकाच वाक्यात सांगत: “लाज उद्या परत येते. कान न्हाई येत.”

त्यांचे म्हणणे शास्त्राचे होते. किडा गेला असेल तर तो आधी तेलाने मारावा लागतो. हरभरा, सोयाबीन गेले असेल तर पाण्याचा थेंबही चालत नाही, दाणा आत फुगतो. मणी, खडा असेल तर घाई करायची नसते. आणि कोणी आधीच काडीने ढकलले असेल, तर ते कानाच्या पडद्यापर्यंत गेलेले असते. न सांगता आत शिरणे म्हणजे अंधाऱ्या विहिरीत उडी टाकणे. शिवाय त्यांचा दुसरा दंडक होता, ‘एकच बार’. पहिल्या प्रयत्नात निघण्याचा जितका संभव असतो, तितका पुन्हा कधीच नसतो, कारण दर खेपेला कान सुजतो आणि लेकरू भ्यालेले असते. तो एक बार वाया जाऊ नये म्हणून हा सगळा जबाब.

पंचायत समितीचे एक माजी सभापती एकदा गाडीतून उतरले. सोबत चार माणसे. ते सरळ पडद्याआड गेले.

“काय गेलं?” बाईंचा आवाज.

“कापूस. बोळा आतच राहिला.”

“कापूस काय आपल्या पायानं आत गेला? कशानं ढकलला?”

“बाई, जरा हळू. बाहेर लोक हायेत.”

“लोकांना बी कान हायेत म्हणूनच ते इथं हायेत. कशानं?”

“मी सभापती राहिलेलो माणूस हाय हो.”

“कान सभापतीचा असो की सालगड्याचा, आतून वाकडाच राहतो. कशानं ढकलला?”

मग खालच्या आवाजात, “किल्लीनं.”

“दोनचाकीच्या की चारचाकीच्या?”

ओट्यावर हशा पिकला. पडदा सर्रकन बाजूला झाला आणि बाई बाहेर आल्या. “कोण हसलं? हसणाऱ्यांनी आपापले खिसे दाखवावे. बायांनी अंबाड्यातलं काढावं.” आणि मग एकेक वस्तू स्टीलच्या ताटात पडू लागली. आगकाड्या. केसांचे आकडे. पेनाचे टोपण. एका म्हाताऱ्याने करदोऱ्याला बांधलेली पितळी कानकोरणी मोठ्या दुःखाने सोडली. एका बाईने मंगळसूत्राला लटकवलेल्या पिना हाताखाली झाकल्या, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “माय, त्या पिना सौभाग्याच्या न्हाईत, कानाच्या हायेत. टाक.” ताट त्यांनी आपल्या हत्यारांच्या शेजारी ठेवले आणि सभापतींना दाखवले. “ही माझी हत्यारं, ही तुमची. माझ्यापेक्षा तुमचाच दवाखाना मोठा हाय.” सभापतींच्या कानातला बोळा त्यानंतर एका क्षणात निघाला. जाताना ते मला म्हणाले, “पेशकार, ह्या बाईला निवडणुकीला उभं करू नका बरं का.”

पण हसण्याचे प्रसंग थोडे. ओट्यावर बसून मी जे ऐकले त्यात बहुतेक वेळा श्वास रोखलेला असे.

हळद शिजवण्याच्या दिवसांत एका बाईला शेतातून टेम्पोत घालून आणले. कानात किडा जिवंत होता आणि पंख मारत होता. दोन माणसांना ती आवरत नव्हती. ‘डोक्यात शिरला, डोक्यात शिरला’ एवढेच ओरडत होती. कोणीतरी कानात बिडीचा धूर फुंकला होता. सगळे म्हणत होते, लवकर तेल टाका. बाईंच्या हातात तेलाची वाटी होती, पण त्या थांबल्या आणि विचारले, “ह्या कानातून कवा पू यायचा का? वाहायचा का?” नवरा म्हणाला, न्हाई. भाऊ म्हणाला, न्हाई. “तिला विचारून राहिले मी.” ती सांगण्याच्या स्थितीत नव्हती. शेवटी म्हातारी आई पुढे आली. “लहानपणी वाहायचा, बाई. लग्नात अडचण यील म्हणून आमी कोणाला सांगितलं न्हाई.” तिने हे जावयासमोर सांगितले. तेव्हा कुठे बाईंनी दिवा लावून, कानाचा पडदा भरून आलेला आहे अशी खात्री करून घेतली आणि मग तेलाचे थेंब सोडले. ओरडणे एकदम थांबले. ती शांतता मला त्या ओरडण्याहून भयंकर वाटली. “मेला तो. आता रडायचं तं रड, माय, पण हलू नको.” किडा निघाला. जाताना म्हातारीला त्यांनी जवळ बोलावले आणि जावयाला ऐकू जाईल असे म्हणाल्या, “तुमी आज पोरीचा कान वाचवला. जावईबापू, ऐकलं ना?”

एका बापाला त्यांनी परत पाठवले होते, तेही सांगितले पाहिजे. नाही तर मी त्यांना देव्हाऱ्यात बसवतो आहे असे वाटेल. मुलाच्या कानात हरभरा. आजीने दोन-तीन दिवस कोमट पाण्याचे थेंब सोडलेले. दाणा फुगून भिंतींना चिकटला होता, कान बंद झाला होता आणि पोरगे हात लावू देत नव्हते. बाईंनी एकदा प्रकाश टाकला आणि दिवा मालवला. “नांदेडला न्या. भूल देऊन काढावा लागंल. मी फोन करते.”

बाप खवळला. “येत न्हाई तं पाटी काहून लावली?”

“पाटी मला जे येतं त्याची हाय. न येणाऱ्याची लावायची म्हणलं तं ह्या फाट्यावर जागा पुरणार न्हाई.”

“एक झटका मारा ना. इतकं दूर कोण जाईल?”

“झटका मला बी मारता येतो. मग बहिरं पोरगं घेऊन जाशील का घरी?”

तो शिव्या देत गेला. बाईंनी पुढचे रोगी पाहिले. पण नांदेडहून फोन येईपर्यंत समोर आलेला चहा तसाच निवला. फोन वाजल्यावर पडद्याआडून त्या एवढेच म्हणाल्या, “निघाला.” आणि नवा चहा मागवला.

माझ्या पत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. महामार्गावरचे खड्डे, रोहित्र, बसथांबा, यांबद्दल मी जी पत्रे लिही, ती त्या आवडीने ऐकत आणि म्हणत, “पेशकारसाब, तुमचं पत्र म्हणजे इंजेक्शन हाय. टोचतं बराबर, पण बुखार उतरत न्हाई.”

आता त्या दिवसाकडे येतो.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका, भोंगा न वाजवता, ओट्याला लागून उभी राहिली. चालक ‘आरू, आरू’ करीत मुलीला उचलून उतरला. रुग्णवाहिकेचा तो कंत्राटी चालक त्या मुलीचाच बाप होता. मागे त्याची बायको, पदर दातांत धरलेला. मुलगी रडून रडून आता नुसती कण्हत होती. पडदा अर्धा उघडा राहिला होता, त्यामुळे मला ऐकूही येत होते आणि दिसतही होते.

“काय गेलं?”

“मणी, बाई.”

“कवा?”

“आत्ताच. घंटाभर झाला असंल.”

“कोणी हात लावला?”

“कोणीच न्हाई.”

“तू दवाखान्यातून आलास ना? तिथं?”

“तिथं बी न्हाई. साहेब म्हणले, हात लावू नका, सीधे बाईकडंच न्या.”

बाईंनी दिवा टाकला. मग हळूच विचारले, “कान ओला काहून हाय?”

“रडून राहिली ना ती. आसू गेले असतील.”

“आसू खालून वर चढत न्हाई, बेटा.”

चालकाच्या हातातला मोबाइल वाजला. त्याने तो न पाहताच बंद केला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. त्यात दटावणी नव्हती, विनवणी होती. “ऐक. आत सूज हाय, कड काळी पडून राहिली. मला मधी काहीतरी चकाकतं दिसतं. चांदीचा मणी असंल तं घाई न्हाई; मी हिला नांदेडला पाठवते, भूल देऊन निघंल. मणी नसला, तं एक मिनिट बी न्हाई. हितंच, आत्ता काढावं लागंल. तू बाप हायेस. काय हाय आत?”

“मणीच हाय.”

“माय, तू सांग.”

आईने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने जमिनीकडे. मी साक्षीदार फुटताना पाहिले आहेत, विकले जाताना पाहिले आहेत. पण स्वतःच्या लेकराच्या विरुद्ध उभा राहिलेला साक्षीदार मी पहिल्यांदा पाहिला.

बाई खाली बसल्या, मुलीच्या चांगल्या कानाकडे सरकल्या. “आरू, तू काय घातलं गं कानात?”

“लाइट.”

“कसला लाइट?”

“अंगठीतला. जत्रेतला.”

“पेटायचा का?”

“इझला.”

त्यानंतर सगळे इतके भराभर झाले की क्रम लावणे कठीण आहे. यात्रेत मिळणाऱ्या चमकत्या अंगठीतला तो चपटा सेल होता. ओल लागली की तो आतल्या आत कातडी जाळतो, हे मला नंतर कळले. बाईंना तेव्हाच कळले होते. “पेशकारसाब, आत या. डोकं धरा. हलू द्याल तं याद राखा.” मुलीला चादरीत गुंडाळून आईच्या मांडीवर घेतले. बाईंचे हात पुढे आले. मी डोळे मिटले नाहीत, हे मला सांगितलेच पाहिजे, कारण पुढे माझ्या साक्षीला किंमत नाही असे ठरवण्यात आले. हत्यार एकदाच आत गेले. एकदाच बाहेर आले. ताटात टणकन आवाज झाला. सेल काळा पडला होता आणि त्याच्या कडेला फेस होता.

बाईंनी पुन्हा आत पाहिले. मग दिवा मालवला.

“कवाचा हाय?” त्यांनी विचारले.

“सकाळचा,” आई म्हणाली.

“गप!” चालक ओरडला, आणि स्वतःच भिंतीला टेकून खाली बसला.

बाई त्याच रुग्णवाहिकेतून मुलीला घेऊन नांदेडला गेल्या. वाटेत, गाडी चालवता चालवता, बापाने त्यांना सगळे सांगितले. सकाळीच त्याने मुलीला आपल्या दवाखान्यात दाखवले होते. सेल गेला आहे हे स्पष्ट सांगितले होते. मळ काढायची पिचकारी घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा पाणी मारले. मग चिमटा घातला. मग दुपारपर्यंत बसवून ठेवले, ‘आपोआप सरकेल’. शेवटी कान काळा दिसू लागल्यावर त्या अधिकाऱ्याने चालकाला बाजूला नेऊन सांगितले, की मणी म्हण, आत्ताच गेला म्हण, येथे कोणी हात लावला नाही म्हण. आणि कंत्राट पुढे चालू राहील की नाही ते माझ्या शेऱ्यावर आहे, हे ध्यानात ठेव.

मुलीच्या डाव्या कानाचा पडदा गेला होता आणि आतले बरेच काही जळाले होते. त्या कानाने तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही.

हे सर्व बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. कोठेही लिहिणार नाही असे वचन घेऊन. त्या हयात असेतो मी ते पाळले.

आठ-दहा दिवसांतच उलटी आवई उठली, की खासगी डॉक्टरने कान फोडला. तक्रार झाली, कोणी केली ते मला विचारू नये, मला ठाऊक आहे. समिती त्याच सरकारी दवाखान्यात बसली. मी बाईंसोबत गेलो. मला बाहेरच्या बाकावर बसवले. दार मात्र उघडे होते.

अध्यक्षांनी विचारले, “कानाला शेवटचा हात कोणाचा लागला?”

“माझा.”

“मग प्रश्नच मिटला.”

“पहिला हात कोणाचा, ते बी विचारा ना साहेब. पाणी मारलेलं होतं. सेल सकाळचा होता.”

“कोणी मारले, हे तुम्हाला माहीत आहे?”

“हाय.”

“मग नाव सांगा. आणि तुम्हाला कोणी सांगितले तेही सांगा.”

बाई थांबल्या. ज्याने सांगितले त्याचे नाव घेतल्याशिवाय ज्याने केले त्याचे नाव सिद्ध होत नव्हते. “ते ज्याचं त्याच्या तोंडून आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “मी माझ्या दवाखान्यात एकाचा जबाब दुसऱ्याकडून घेत न्हाई. तुमचंच घर हाय, साहेब. तुमी बोलवा ना सगळ्यांना. आईला बोलवा.”

“नाव सांगण्यास नकार, अशी नोंद घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

परतताना मी त्यांच्याशी भांडलो. भर बसमध्ये भांडलो. म्हणालो, बाई, ही जिद्द नाही, हा आत्मघात आहे. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे, पण दुसरी बाजू बोललीच नाही तर तत्त्व काय करील? चालकाचे नाव घ्या.

“त्याची नोकरी ठेक्यावर हाय,” बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “त्या घरातला एक कान गेला. आता चूल बी मी इझवू?”

“तो खोटे बोलला. स्वतःच्या मुलीच्या कानाशी खोटे बोलला.”

“बोलला. अन् मला सगळं सांगताना गाडी रस्त्याच्या खाली जाऊन राहिली होती, एवढा रडत होता. तुमी कोर्टातले लोक. तुमाला खोटं बोलणारा दिसतो. त्याच्या मागं कोण उभा हाय ते दिसत न्हाई.”

मी माझे निवेदन समितीला स्वतंत्रपणे दिले. सेल बाहेर आला तेव्हा मुलीचे डोके माझ्या हातात होते, असे त्यात स्वच्छ लिहिले. ते ‘त्रयस्थाचे’ म्हणून बाजूला ठेवण्यात आले. निष्कर्ष असा निघाला, की वस्तू बाहेर काढताना इजा झाली. मग तो मजकूर मोबाइलवर फिरला. ज्यांचे बोळे, दाणे आणि किडे बाईंनी काढले होते त्यांनीच तो पुढे पाठवला. ओटा रिकामा पडू लागला. बाई रोज येत, हत्यारे उकळत, रुमाल बांधत आणि पडद्याआड बसून राहत. एकदा एक जोडपे लेकरू घेऊन ओट्यापर्यंत आले. रसवंतीवाल्याने त्यांना काही सांगितले आणि ते नांदेडच्या बसमध्ये चढले. मी तावातावाने उठलो, तर आतून आवाज आला, “बसा, पेशकारसाब. नांदेडलाच गेले ना? गेले तं गेले. घरी कोरत न्हाई बसले.”

पावसाळा मध्यावर आला आणि चालकाचे कंत्राट वाढवण्यात आले नाही. ज्या चुलीसाठी बाईंनी तोंड मिटले होते, ती त्या अधिकाऱ्याने तरीही विझवली. हे कळले त्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. माझ्या अर्जांचा गठ्ठा सरळ करून ठेवला आणि परत पडद्याआड गेल्या. त्याच आठवड्यात शटर खाली आले.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते फाट्यावरच्या बसथांब्यावर. सामान आधीच गेले होते; हातात एक पिशवी होती. कळमनुरीकडून आलेल्या रिक्षातून ती मुलगी आणि तिची आई उतरल्या. योगायोग नव्हता, बाई जाणार हे आईला कळले होते. पण ती जवळ येईना. रस्त्याच्या पलीकडे पदर घेऊन उभी राहिली आणि मुलीला पुढे ढकलले. मुलगी रस्ता ओलांडून आली, पण ट्रकांकडे पाहत भलतीकडेच उभी राहिली. बाईंनी तिच्या डाव्या बाजूने हाक मारली. तिने मान वळवली नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली नाही. पिशवी माझ्याजवळ देऊन त्या वळसा घालून तिच्या उजवीकडे गेल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आरू.” मुलगी लगेच वळली. मग तिने दोन्ही हातांची ओंजळ बाईंच्या कानाला लावून काहीतरी सांगितले. बाई हसल्या. काय सांगितले ते मला ऐकू आले नाही; मी विचारलेही नाही.

बस आली. बाई खिडकीशी बसल्या. बस सुटली तेव्हा त्यांनी आपला डावा कान तळहाताने घट्ट दाबून धरला होता. आधी मला वाटले, वारा लागत असेल. पण खिडकी बंद होती. वळणापर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

त्यांच्या मातीला बसमतला गेलो होतो. परतलो तेव्हा चालक माझ्या टेबलाशी बसलेला होता. म्हणाला, “लिहा काका. माझं नाव बी लिहा. मी खोटं बोललो, ते बी लिहा.” मी म्हणालो, तुझे नाव मी लिहिणार नाही, ते तू चारचौघांत घे. तो तयार आहे. त्याची बायको तयार आहे. मी तर पहिल्या दिवसापासून तयार आहे.

म्हणून त्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, जो आज दुसऱ्या तालुक्यात त्याच पदावर आहे, आणि त्या अध्यक्षांना, जे सन्मानाने निवृत्त झाले आहेत, माझी मागणी आहे. मला खुलासा लेखी नको. लेखी खुलाशांच्या चवडी मी आयुष्यभर शिवल्या आहेत. आपण दोघांनी त्या मुलीच्या गावच्या ग्रामसभेत यावे. दिवस तुम्ही ठरवा. पाणी कोणी मारले, खोटे कोणी बोलायला लावले आणि आईला का बोलावले नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे तुम्ही आपल्या तोंडाने, सर्वांसमक्ष द्यावीत. मुलगी पुढे बसलेली असेल. तिच्या उजव्या बाजूला उभे राहून बोला. त्या बाजूने तिला ऐकू येते.